चित्रपटगीतांतील पेटी

हार्मोनियमवर, म्हणजे आपल्या घरगुती भाषेत पेटीवर, गेल्या शंभर वर्षांत जेवढे आरोप झाले तेवढे हिंदुस्थानातील दुसऱ्या कोणत्याही वाद्यावर झाले नसतील. ती परदेशी आहे. तिच्यावर मींड घेता येत नाही. तिचे स्वर बारा खणांत कोंडलेले आहेत. तिच्या संगतीने गाणाऱ्याचा कान बिघडतो. आरोप करणारी माणसेही सामान्य नव्हती. रवींद्रनाथ ठाकुरांना ती शांतिनिकेतनात नको होती, आणि नभोवाणीनेही ती टाळावी असे त्यांचे मत होते. दुसरीकडे हिंदी चित्रपटगीतांविरुद्धचे आरोपपत्र पाहिले तर तेही याहून आखूड नाही. ती उथळ आहेत, उसनी आहेत, अभिजात संगीताची अभिरुची बिघडवणारी आहेत, असे त्यांच्याविषयी बोलले गेले.

या दोन्ही आरोपींना एकाच सरकारी खात्याने शिक्षा फर्मावली, ही गोष्ट मात्र फारशी कोणी एकत्र मांडलेली नाही. ऑल इंडिया रेडिओने १ मार्च १९४० पासून आपल्या कलागृहांतून पेटीला बंदी केली. पुढे १९५२ साली बा. वि. केसकर हे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत चित्रपटगीतांवर निर्बंध आले, निर्मात्यांशी असलेले व्यवहार तुटले, आणि काही वर्षे ती गीते आकाशवाणीवरून जवळजवळ दिसेनाशी झाली. दोन्ही निर्णयांमागे संगीताच्या शुद्धतेची चिंता होती, आणि ती चिंता प्रामाणिक होती याविषयी आम्हाला शंका नाही. परंतु हेतू प्रामाणिक असला म्हणून निकाल बरोबर असतोच असे नाही. पेटीने हिंदी चित्रपटगीतांत नेमके कोणते काम केले, आणि ते काम पाहता तिच्यावरील जुन्या निकालाचा फेरविचार करावा लागतो काय, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेतला आहे.

हा प्रश्न केवळ गाण्याच्या शौकिनांचा नाही. २०२२ साली अकाल तख्ताकडून असा निर्देश निघाला की, अमृतसरच्या सुवर्णमंदिरातील कीर्तनातून हार्मोनियम तीन वर्षांत दूर करावी आणि गुरूंच्या काळातील तंतुवाद्यांना त्यांची जागा परत द्यावी. शीख पंथाने आपल्या परंपरेचा विचार कसा करावा हे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. तंतुवाद्यांची परंपरा जगवण्याची त्यांची तळमळ आदरास पात्रच आहे. पण हाच प्रश्न उद्या आमच्याही देवळांच्या सभामंडपांत विचारला जाऊ शकतो. फोंड्याच्या परिसरातील देवस्थाने असोत, बेळगावची भजनी मंडळे असोत किंवा इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याचे गणेशोत्सव असोत, आमचे भजन टाळ, मृदंग किंवा तबला आणि पेटी यांवाचून उभे राहत नाही. त्या वेळी उत्तर देता यावे म्हणून तरी पेटी आपल्यासाठी काय करते हे समजून घेतले पाहिजे. आणि ते समजून घेण्यासाठी चित्रपटगीतांइतका मुबलक व सर्वांच्या कानांवरून गेलेला पुरावा दुसरा नाही.

प्रथम आरोपांकडे पाहू. पेटी परदेशी आहे हे निर्विवाद आहे. आलेक्सांद्र दबें याने १८४२ साली पॅरिसमध्ये ‘हार्मोनियम’ या नावाने तिचे हक्क नोंदवले. मिशनऱ्यांच्या प्रार्थनामंदिरांतून आणि साहेबांच्या दिवाणखान्यांतून ती इकडे आली तेव्हा ती पायांनी भाता हलवून, खुर्चीवर बसून वाजवायची होती. तिला जमिनीवर आणून, भाता मागच्या बाजूस बसवून, एका हाताने वारा आणि दुसऱ्याने स्वर अशी आजची बैठी पेटी घडली ती कलकत्त्यात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील त्या घडणीचे श्रेय सामान्यतः द्वारकानाथ घोष यांना दिले जाते. म्हणजे जन्म पॅरिसचा असला तरी मांडी घालून बसायला ती इथेच शिकली.

स्वरांविषयीचा आरोप अधिक गंभीर आहे. पेटीचे सप्तक बारा समान भागांत विभागलेले असते. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप उमटतो, त्याहून पेटीचा गंधार सुमारे एक सप्तमांश अर्धस्वराने चढा असतो. तयार कानाला हा फरक खुपतो. पितळी पत्ती वाऱ्याने कंप पावते तेव्हा एकच ठरलेला स्वर देते. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे तिच्या स्वभावातच नाही. श्रुतींचा हा प्रश्न सोडवण्यासाठी अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली, यावरूनच आरोपात तथ्य होते हे दिसते. जॉन फोल्ड्झ या इंग्रज संगीतकाराने, जो स्वतः रेडिओच्या सेवेत होता, १९३८ साली याच मुद्द्यांवर पेटीविरुद्ध लेख लिहिला आणि तिच्या इंग्रजी नावातील पहिल्या अक्षरांवर ‘अपाय’ या अर्थाची कोटी केली. एका परदेशी वाद्याने हिंदी संगीताला अपाय होतो हे हिंदी लोकांना एका परदेशी माणसाने सांगावे, यातील गंमत त्या काळी कोणाच्या ध्यानात आली की नाही कोण जाणे.

बचावाच्या बाजूने लोक बहुधा थोर वादकांची नावे घेतात. ग्वाल्हेरच्या भैयासाहेब गणपतरावांनी पेटीतून ठुमरी अशी काढली की बनारस, कलकत्त्याकडील गायिकांनी त्यांच्यापुढे मान लववली. गोविंदराव टेंबे, बेळगावचे रामभाऊ विजापुरे, बोरीचे तुळशीदास बोरकर, यांनी बोटांच्या कौशल्याने पेटीच्या मर्यादाच ऐकणाऱ्याच्या विस्मरणात टाकल्या. हा बचाव खरा आहे, पण अपुरा आहे. असामान्य माणूस कोणत्याही साधनातून चमत्कार करतो. त्यावरून साधनाची योग्यता सिद्ध होत नाही. वाद्याची खरी परीक्षा सामान्य माणसाच्या हातात होते. म्हणून आम्ही चित्रपटगीतांकडे वळतो, कारण तेथे पेटी बहुधा रस्त्यावरच्या, जत्रेतल्या आणि मेळ्यातल्या माणसाच्या हातात दिसते.

हिंदी चित्रपटातील पहिले गाणेच पेटीच्या साथीने झाले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला. त्यात वझीर मोहम्मद खान यांनी फकिराच्या भूमिकेत ईश्वराच्या नावाने याचना करणारे एक गीत म्हटले. पार्श्वगायन तेव्हा अवतरले नव्हते. नट कॅमेऱ्यासमोर गाई, आणि वादक चौकटीबाहेर लपून साथ करीत; त्या गीताला साथ होती ती पेटी आणि तबला यांची. चित्रपटाची प्रत आज उपलब्ध नाही. ती साथ कशी होती हे आपल्याला ऐकता येत नाही. परंतु दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिले गाणे राजपुत्राचे नसून फकिराचे होते, आणि त्याला आधार देणारे वाद्य पडद्याआड होते. पुढील चाळीस वर्षे पेटीच्या वाट्याला हेच दोन भाग आले: एक तर गरिबाच्या गळ्यात अडकून राहणे, नाही तर पडद्याआड बसणे.

आमच्या लोकांचा या आरंभाशी संबंध आला तो लगेचच पुढल्या वर्षी. प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. त्याचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे, आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. पेटीवाला राजा झाला, असे कौतुकाने म्हणता येईल. पण त्याहून महत्त्वाचे असे की, १९११ च्या ‘मानापमाना’ला चाली देणारा हा पेटीवादक रंगभूमीची पेटी आणि ऑर्गन यांच्याभोवती वाढलेली रचनेची रीत आपल्याबरोबर बोलपटात घेऊन आला. नाट्यसंगीतात चाल बसवणारा पेटीसमोर बसतो, नट त्याच्यासमोर बसतो, आणि चाल तोंडातोंडी उतरते. ही बैठक बोलपटाने जशीच्या तशी उचलली.

पडद्याआडच्या या पेटीचा विचार आमच्या टीकाकारांनी फार कमी केला आहे. गाणे ऐकताना वाद्यवृंद कानांवर येतो. पण त्या वाद्यवृंदापूर्वी एक खोली असते, तीत एक पेटी असते आणि तिच्यामागे संगीत दिग्दर्शक असतो. आमच्या वकिली भाषेत सांगायचे तर मुद्रांकित कागदावरच्या दस्तऐवजाआधी एक कच्चा खर्डा असतो, आणि खरा करार त्या खर्ड्यावरच ठरलेला असतो. हिंदी चित्रपटगीतांचा खर्डा पेटीवर लिहिला गेला. नौशाद लखनौत लहानाचे मोठे होत असताना पेट्या दुरुस्त करीत. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये प्रथम पेटीचे साथीदार म्हणून लागले. जयकिशन पृथ्वी थिएटर्समध्ये पेटी वाजवीत, आणि तेथेच तबला वाजवणाऱ्या शंकर यांच्याशी त्यांची जोडी जमली. ज्यांनी हिंदी चित्रपटगीतांचे वैभवाचे दिवस आणले त्यांतील इतके जण पेटीच्या दारातून आत आले, हे केवळ योगायोगाने घडले नसावे.

याचे कारण, आमच्या मते, पेटीच्या त्याच दोषात आहे ज्यासाठी तिला रेडिओतून काढले. तिचे बारा स्वर पियानो, अ‍ॅकॉर्डियन, क्लॅरिनेट यांच्या स्वरांशी जुळतात. संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल सांगे. ती ऐकून संयोजक पाश्चात्त्य स्वरलिपीत कागदावर उतरवून घेई. आणि दुसऱ्या दिवशी चाळीस-पन्नास वादक ती वाचून वाजवीत. हे कागदावर उतरवणारे हात पुष्कळसे गोमंतकातले होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन यांच्या गीतांचे संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा, सी. रामचंद्रांबरोबर काम करणारे हळदोण्याचे चिक चॉकलेट, ही सारी मंडळी गोव्याच्या ख्रिस्ती संगीत परंपरेतून आलेली. तेथे मुलांना स्वरलिपी चर्चच्या आधारानेच शिकवली जाई. पेटीचे मूळही प्रार्थनामंदिराचे. शतकभरात तिने भजन आत्मसात केले, ठुमरी आत्मसात केली, कव्वाली आत्मसात केली. आणि मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात ती पुन्हा आपल्या जुन्या नातेवाइकांना भेटली. एकाच गोव्याच्या देवळाचे संगीत आणि चर्चचे संगीत एरव्ही एकमेकांच्या अंगणात क्वचितच जात. मुंबईत त्यांच्यामध्ये दुभाष्याचे काम बारा स्वरांच्या या पेटीने केले. शुद्ध श्रुतींच्या वाद्याला हे साधले नसते.

कधी कधी तर तिने आपले नावही लपवले. १९५४ च्या ‘नागिन’मधील पुंगीने सारा देश डोलला, पण ती पुंगी नव्हती. हेमंतकुमारांच्या त्या संगीतात कल्याणजी यांनी क्लेव्हिओलिन हे विजेवरचे वाद्य वाजवले आणि त्याच्या जोडीला रवी यांनी पेटी धरली. पुढे कल्याणजी आणि रवी दोघेही नामांकित संगीत दिग्दर्शक झाले. मालमत्ता एकाची आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे, अशा बेनामी व्यवहारासारखी ही गोष्ट आहे. पेटीतून मींड निघत नाही असे म्हणणाऱ्यांनी ती पुंगी एकदा पुन्हा ऐकावी. पुंगीचे डुलणे तिने नुसते स्वर घसरवून आणलेले नाही. लगतचे स्वर झरझर एकमेकांत गुंतवून, आणि विजेच्या वाद्याच्या कंपात मिसळून आणले आहे. मर्यादेला असा वळसा घालण्यातही कला आहे.

आता पडद्यावर उघड दिसणाऱ्या पेटीकडे वळू. १९५६ च्या ‘सी.आय.डी.’त ओ. पी. नय्यर यांचे एक गाणे आहे. समुद्रकाठच्या रस्त्याने नायिका पुढे चालली आहे, नायक मागे आहे, आणि त्यांच्या आजूबाजूस गळ्यात पेटी अडकवलेला एक फिरस्ता गवई आणि त्याची जोडीदारीण नाचत-गात चालली आहेत. शमशाद बेगम आणि रफी यांचे खुले, खणखणीत आवाज, ढोलकीचा पंजाबी ठेका, आणि ओळींच्या मधल्या जागा भरून काढणारी पेटी. देव आनंदसारखा नायक या गाण्यात स्वतः गात नाही, हे आम्हाला फार सूचक वाटते. त्याच्या मनातले बोलतात ते रस्त्यावरचे गवई. आपला व्यवसाय वकिलीचा असल्याने आम्हाला याचे विशेष कौतुक. पक्षकार गप्प उभा आहे आणि त्याची बाजू दुसराच मांडतो आहे. पण त्याहून खोल अर्थ असा की, प्रेमाची भावना येथे एकट्याची खाजगी राहत नाही. ती रस्त्याची होते, येणाऱ्या-जाणाऱ्यांची होते. गळ्यात अडकवता येणारी, चालता चालता वाजणारी, आणि उघड्या हवेत समुद्राच्या वाऱ्यातही ऐकू येणारी पेटी नसती तर हे चित्रच उभे राहिले नसते. सारंगी घेऊन असे चालता येत नाही, आणि पियानोची तर गोष्टच नको.

पियानोचा उल्लेख आलाच आहे तर एक तुलना करून पाहावी. त्या काळच्या हिंदी चित्रपटांत पियानो असतो तो बंगल्यातल्या दिवाणखान्यात. १९४९ च्या ‘अंदाज’मध्ये दिलीपकुमार पियानोपाशी बसून गातात ते आठवा. भोवती पाहुणे आहेत, पण गाण्याचा खरा अर्थ एकाच व्यक्तीसाठी आहे, आणि उरलेले सारे त्या अर्थाच्या बाहेर उभे आहेत. पियानोमागे बसलेला माणूस एकटा असतो. पेटीमागे बसलेला माणूस चित्रपटात क्वचितच एकटा असतो. त्याच्यामागे टाळ्या वाजवणारे, ध्रुवपद उचलणारे, ढोलक धरणारे असतात. ‘तीसरी कसम’मधील (१९६६) नौटंकीचा तंबू पाहा, जत्रेतले खेळ पाहा, फकिरांच्या टोळ्या पाहा. दिग्दर्शकाने पेटी दाखवली की समजावे, आता एकाच्या गाण्यात दहाजणांचा आवाज मिळणार आहे.

कव्वालीत हे सर्वांत स्पष्ट होते. १९५८ च्या ‘अल हिलाल’मधील इस्माइल आझाद यांची कव्वाली गावोगावच्या हॉटेलांत वाजली, तिच्यातील पेटी जवळजवळ उद्धट आहे, आणि तसेच तिने असायला हवे. रोशन यांनी १९६० च्या ‘बरसात की रात’मध्ये या प्रकाराला जी उंची दिली ती मात्र पुन्हा क्वचितच गाठली गेली. साहिर यांची शब्दरचना, मन्ना डे, रफी, आशा भोसले, सुधा मल्होत्रा, बातिश यांचे आवाज, आणि दोन पक्षांचा चढत जाणारा सामना. ऐकणाऱ्याने एकदा आवाज सोडून पेटीकडेच कान द्यावा. प्रत्येक गायकाची पट्टी, फेक, तालीम वेगळी. कोणी शास्त्रोक्त सरगम घेतो, कोणी सरळ साद घालतो. कोरस तर तालीम नसलेल्यांचा आहे असेच भासवायचे आहे. या सर्वांना एकत्र ठेवणारा धागा पेटीचा आहे. गायक दूरवर भटकून आला की पेटी त्याला षड्ज दाखवते, ध्रुवपदाचे पहिले पाऊल वाजवून समूहाला बोलावते, आणि समूह निःशंकपणे आत येतो. आणि मग त्या कव्वालीत, प्रेमाचे स्वरूप सांगता सांगता, राधा-कृष्ण येतात, मीरा येते. आमच्या देवळातल्या भजनी माणसाला ते ऐकताना परके वाटत नाही, याचे श्रेय साहिर यांच्या शब्दांना आहे तसेच त्या परिचित पेटीलाही आहे.

या संदर्भात गोमंतकीयांनी एन. दत्ता यांचे नाव विसरू नये. दत्ता नाईक हे मूळचे गोव्याचे. १९६१ च्या ‘धर्मपुत्र’मध्ये त्यांनी साहिर यांची एक कव्वाली महेंद्र कपूर आणि बलबीर यांच्याकडून गाऊन घेतली. फाळणीच्या काळातील धर्मद्वेषावरचा हा चित्रपट. आणि मशीद व देऊळ यांच्यातील भेद मनुष्याने केलेला आहे अशा अर्थाची ती रचना. हिंदू घरात वाढलेल्या एका गोमंतकीय संगीतकाराने दर्ग्यातल्या गायनप्रकारात, पॅरिसमध्ये जन्मलेल्या वाद्याच्या सुरावर, हा विचार देशापुढे ठेवला. कोणते वाद्य कोणत्या धर्माचे, हा वाद घालणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

येथपर्यंत आलो म्हणजे आमचे म्हणणे स्पष्ट होते. पेटीचा स्वर अचल आहे, हा मैफलीच्या न्यायालयात तिचा अपराध ठरला. परंतु जेथे न शिकलेली पन्नास माणसे एकत्र गातात तेथे तोच अचलपणा तिचा सर्वांत मोठा गुण ठरतो. तंबोऱ्याचा सूर सूक्ष्म असतो. तो ऐकण्यासाठी कान घडलेला असावा लागतो. सारंगी गायकाच्या मागोमाग सावलीसारखी जाते. गायकच चुकला तर तीही त्याच्याबरोबर जाते. पेटी कोणामागे जात नाही. ती एका जागी राहून सर्वांना सांगते की षड्ज येथे आहे. दुकान बंद करून भजनाला आलेला वाणी, शाळेतून आलेली पोर, सकाळी पूजा करून दमलेला भट, या सर्वांना सुरात आणण्यासाठी असे ठाम, मोठ्याने बोलणारे आणि क्षमाशील साधन लागते. पेटीला नाकारणारे गवईसुद्धा आपली पट्टी सांगताना काळी एक, पांढरी चार, काळी पाच असेच सांगतात. ज्या साक्षीदाराला आपण न्यायालयाबाहेर काढले, त्याच्याच मोजपट्टीवर आपण आपला आवाज मोजतो.

चित्रपटगीतांविषयी आमच्या तक्रारीही आहेत, आणि त्या न सांगणे पक्षपाताचे होईल. पहिली तक्रार अभिनयाची. पडद्यावर पेटी वाजवणारे नट पुष्कळदा भाता हलवायला विसरतात. वाऱ्यावाचून पेटी वाजते आणि बोटे एका सप्तकात असताना सूर दुसऱ्यात निघतो. वीणेचा असा अपमान केला तर लोक हसतील. पेटीच्या बाबतीत कोणाला काही वाटत नाही. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. सामाजिक चित्रपटांत देवळातला प्रसंग आला की संगीत दिग्दर्शक बहुधा घंटा, शंख, बासरी, सतार आणि व्हायोलिनांचा ताफा आणतात. अकबराच्या काळातील कथा असेल तर पेटी नसणे योग्यच. तो इतिहासाचा मान आहे. पण विसाव्या शतकातील गावचे देऊळ दाखवताना तेथे प्रत्यक्षात जे वाद्य रोज वाजते तेच गाळायचे, आणि कव्वाली व रस्ता दाखवताना मात्र ते हटकून आणायचे, यात एक सांकेतिक खोटेपणा आहे. जणू पवित्र ते सारे प्राचीन असलेच पाहिजे. आमच्या देवळांतील भक्ती इतकी नाजूक नाही. ती पेटीच्या भात्यातून शतकभर श्वास घेत आली आहे. तिसरी तक्रार अशी की, साठच्या दशकानंतर वाद्यवृंद जसजसा फुगत गेला तसतशी कव्वालीतली पेटी एक ठरीव खूण होऊन बसली. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’पर्यंत येता येता रंगीबेरंगी कपडे आणि पेटी दिसली की कव्वाली झाली, असा संकेत रूढ झाला. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या चालीतील जोम त्यातही आहेच. परंतु रोशन यांच्या पेटीला जे विचारपूर्वक काम होते ते तेथे नाही.

शिक्षेचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. चित्रपटगीते आकाशवाणीवरून गेली तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला विविध भारती सुरू करून ती गीते परत बोलवावी लागली. पेटीवरील बंदी मात्र आणखी चौदा वर्षे चालली. १९७१ मध्ये ती उठू लागली, तीही टप्प्याटप्प्याने. म्हणजे मधल्या काळात अशी स्थिती होती की, आकाशवाणीच्या कलागृहात ख्याल गाणाऱ्याच्या शेजारी पेटीला बसता येत नव्हते. परंतु चित्रपटगीताच्या तबकडीत बसून ती त्याच आकाशवाणीवरून घरोघर जाऊ शकत होती. एका हद्दपाराने दुसऱ्या हद्दपाराला आपल्या गाडीत लपवून सरहद्दीपार आणले. कायद्याचा हेतू असा पराभूत होतो तेव्हा दोष बहुधा कायदा मोडणाऱ्यांचा नसतो. समाजाच्या ज्या गरजेवर तो कायदा उभा ठाकतो ती गरज समजून न घेणाऱ्यांचा असतो.

आज पेटीवर कोणी बंदी घातलेली नाही. आज तिच्यापुढे वेगळाच धोका आहे. विजेच्या कळफलकात एक बटण दाबले की पेटीचा आवाज निघतो, आणखी एक दाबले की ठेका सुरू होतो, आणि भजनी मंडळाला वाटते की पेटीवाल्याचा प्रश्न सुटला. पण त्या यंत्राला भाता नाही. पेटीवाला गाणाऱ्याचा श्वास पाहून भाता हलवतो. म्हातारे बुवा ओवीच्या मध्येच थांबले तर तोही थांबतो, लहान मुलगा उंच पट्टीत घुसला तर तो त्याच्या पट्टीत जातो. कव्वालीत रोशन यांनी पेटीकडून जे काम करून घेतले तेच काम देवळातला पेटीवाला विनामोबदला करीत असतो. शास्त्रीय मैफलीत तंबोरा आणि सारंगी यांचा मान पहिला आहे आणि तो तसाच राहावा. तेथे पेटीने नम्रपणे मागे बसावे हे आम्हालाही मान्य आहे. परंतु सभामंडपातील सामुदायिक गायनात तिच्या जागेला धक्का लागू नये. ज्या देवस्थानांपाशी निधी आहे त्यांनी रोषणाईच्या खर्चातून थोडे काढून चांगल्या पेट्या दुरुस्त करून घ्याव्यात, वर्षातून एकदा त्यांचे सूर लावून घ्यावेत, आणि दोन-चार मुलांना पेटी शिकवण्याची सोय करावी. शिकवणाऱ्याने मुलांना अलंकार घोटून घेतल्यावर ‘सी.आय.डी.’तले ते रस्त्यावरचे गाणे आणि ‘बरसात की रात’मधील ती कव्वाली अवश्य ऐकवावी, आणि प्रत्येक ध्रुवपदाआधी पेटी काय करते तेवढे त्यांना ओळखायला सांगावे.